नकाशात नसलेली आखाजी

हिलाल पाटील बत्तीस वर्षं लष्करात होते आणि त्या बत्तीस वर्षांत घरच्या आखाजीला एकदाही हजर नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ऐन निवडणुकीत जो घोळ झाला त्याची मेख इथेच आहे. माणूस हुशार, शिस्तीचा, शिपाई म्हणून भरती होऊन सुभेदार मेजरपर्यंत चढलेला, निवृत्तीच्या वर्षी मानद कॅप्टन झालेला. पण आखाजी त्यांना तेवढीच ठाऊक होती जेवढी घरच्या पत्रातून कळते.

आखाजी म्हणजे कॅलेंडरातली अक्षय्य तृतीया. खानदेशात तिला कॅलेंडरातल्या नावाने कोणी हाक मारत नाही. दिवाळीला लेक माहेरी आली नाही तर चालून जातं, आखाजीला आली नाही तर गल्ली विचारते, काय बिनसलं. भाऊ मुराळी होऊन बहिणीच्या सासरी जातो आणि तिला घेऊन येतो. पितरांच्या नावाने घागर भरायची, सांजोऱ्या तळायच्या, आमरसावर ताव मारायचा, आणि मग निंबाच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर बसून सासरच्या माणसांना गाण्यातून यथेच्छ शिव्या घालायच्या. सासूचं बोलणं आठ दिवस कानावर पडत नाही, एवढ्यासाठी सुद्धा बाया वर्षभर वाट बघतात.

ताईबाईने मात्र नुसतीच वाट बघितली. सोनगीरची लेक ती, एकोणिसाव्या वर्षी अमळनेर तालुक्यातल्या सावखेडीला दिलेली. लग्नानंतर अठराव्या दिवशी नवरा ट्रंक घेऊन निघून गेला आणि घरात उरले आजारी सासरे, तिखट सासू, दोन म्हशी आणि ती. माहेरी जायचं तर म्हशींची धार कोण काढणार? दर साली चैत्रात नवऱ्याचं पत्र यायचं. त्यात शेवटची ओळ ठरलेली असायची: पुढच्या आखाजीला मी स्वतः तुला सोनगीरला सोडायला येईन. सीमेवर माणूस अडकतो, त्याला काय म्हणणार. ताईबाई पत्र घडी करून ठेवायची आणि म्हशीखालचं शेण भरायला जायची.

मग साहेब निवृत्त होऊन घरी आले. आता तरी, असं तिला वाटलं. कसलं काय, आखाजीचे दिवससुद्धा त्यांचे घराबाहेरच जायचे. पहिल्याच आठवड्यात ते पहाटे पाचला उठून गावाबाहेरच्या पडीक जागेत जाऊन उभे राहिले. भरतीची तयारी करणारी पोरं धावत होती. त्यांच्यात एक मुलगी होती, ओढणी कमरेला बांधून एकटीच धावणारी, आणि बांधावर तिची आई काळजीने बसलेली. कॅप्टननी तिथे दोन खांब रोवून दिवे लावले, चुन्याने पट्टे आखले, शिट्टी विकत आणली. पाच वर्षांत त्या मैदानावरून एकेचाळीस मुली वर्दीत गेल्या. बोरी नदीकाठच्या गावांतून मुली यायच्या, सोबत आया यायच्या, उजाडेपर्यंत बांधावर बसायच्या. त्या सगळ्या आया हिलाल पाटलांना भाऊ म्हणायला लागल्या. ताईबाई त्यांच्यासाठी किटलीभर चहा घेऊन जायची. तिला ह्या कामाचा फार अभिमान होता आणि ती तो लपवायची नाही.

राजकारणात ते शिरले एका रेल्वे फाटकापायी. सावखेडीचं फाटक दिवसातून कितीदा बंद व्हायचं याला गणती नाही. एकदा बाळंतपणाला निघालेली गावातली एक सून पाऊण तास फाटकाशी अडकली आणि गाडीतच बाळंत झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप, पण कॅप्टन पेटले. इथे पूल पाहिजे म्हणून त्यांनी अर्ज केला. सरपंच म्हणाले, हे आपल्या हातात नाही, तालुक्याला जा. तालुका म्हणाला जिल्ह्याला जा. जिल्ह्याने त्यांना आणखी चार दारं दाखवली. माणूस दारं मोजत चढत गेला, तीन वर्षं. मधल्या काळात लोकांनी त्यांना जिल्हा परिषदेवर निवडून दिलं, म्हणून खुर्ची बरी मिळायला लागली, पूल काही मिळाला नाही. शेवटी एका भल्या अधिकाऱ्याने चहा पाजून खरं ते सांगितलं. म्हणाला, कॅप्टनसाहेब, हे दिल्लीत ठरतं, आणि दिल्लीत तुमच्या वतीने खासदार बोलतो.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी तांब्याभर पाणी प्यायलं आणि ताईबाईला सांगितलं, "खासदार व्हावं लागेल असं दिसतं."

मोटारीचा पट्टा बदलावा लागेल, असं सांगावं तसं. ताईबाईने भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, "त्याच्यात आखाजीला सुट्टी असते का?"

ते हसले. तिने मात्र थट्टा केलेली नव्हती.

एका पक्षाने तिकीट दिलं. खरं बोलायचं तर हरण्यासाठीच दिलं, कारण समोरचा उमेदवार तीन पिढ्यांचा, दारात गाड्यांची रांग, आणि त्याच्यापुढे उभं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं. कॅप्टननी ते तिकीट हुकूम आल्यासारखं घेतलं. बाहेरच्या खोलीची भिंत मोकळी केली, तिच्यावर मतदारसंघाचा पलंगाएवढा नकाशा लावला. हिरवी टाचणी म्हणजे आपलं केंद्र, लाल म्हणजे समोरच्याचं, पिवळी म्हणजे डळमळीत. जळगावच्या मेहरूणमधून ज्ञानेश्वर नावाचा एक चुणचुणीत तरुण लॅपटॉप घेऊन मुक्कामाला आला. तो आणि कॅप्टन सकाळ-संध्याकाळ नकाशापुढे उभे. कोणत्या गावात पाणी किती वाजता येतं, कुठल्या गावी बाजार कधी भरतो, ऊन किती वाजता चढेल, कोणत्या केंद्रावर सावली नाही, सगळं लिहून काढलेलं. समोरच्याची माणसं लग्नाच्या पंगतीत मतं मागत फिरत होती आणि इकडे आमचे कॅप्टन मंडपाच्या कनातीची लांबी मोजत होते.

आणि बेरीज जुळत होती, बरं का. ज्ञानेश्वर म्हणायचा, "काकू, पुरुषांत आपण मागे आहोत, पण बायका उचलून धरतात. बोरीकाठच्या बायका निघाल्या तर आपण काठावर पास." बांधावर बसलेल्या त्या आया, त्यांच्या जावा, त्यांच्या सुना. नकाशात बोरीच्या दोन्ही अंगांनी हिरव्या टाचण्यांची रांगच्या रांग लागली होती.

चाळीस दिवस ताईबाईने कार्यकर्त्यांना रांधून घातलं. दोन वेळा पन्नास-पन्नास पानं. मतदान सोमवारी होतं, त्याआधीच्या शुक्रवारी आखाजी. बुधवारी कॅप्टन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "कौतिकला फोन केलाय. तो उद्या तुला न्यायला येतोय. मी स्वतः सोडणार होतो, पण ते ह्या वर्षीही जमत नाही. निदान तू जा. पाच दिवस निवांत राहा, मंगळवारी ये."

ताईबाईला भरून आलं. अकरा वर्षांपूर्वी कशीबशी एकदा गेली होती, त्यानंतर ती आखाजीला माहेरी गेलीच नव्हती. आई मंजुळाबाई चौऱ्याऐंशीची झाली होती आणि दर फोनला एकच सांगायची, औंदा ये, मी काय दगडावरची रेघ नाही. ताईबाईने पिशवी भरली. गुरुवारी धाकटा भाऊ कौतिक मोटारसायकल घेऊन मुराळी म्हणून आला, आणि चोपन्न वर्षांची ताईबाई नव्या नवरीसारखी मागे बसून सोनगीरला निघाली.

आता मंगळवारी ये म्हणणाऱ्या माणसाने सोमवारी काय आहे याचा विचार केला होता का? एकूण एक मत मोजणाऱ्या हिलाल पाटलांनी स्वतःच्या बायकोचंच मत पन्नास किलोमीटर लांब पाठवून दिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आणि ताईबाईच्याही ध्यानात आलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. माहेर म्हटलं की बाईमाणसाची अक्कल थोडी सैल सुटते.

शुक्रवारी दुपारी घागर पुजून झाली, जेवणं झाली. किल्ल्याच्या बाजूने गरम वारा येत होता. कौतिकच्या अंगणातल्या निंबाला जाड दोराचा झोका बांधलेला होता आणि खाली तीस-पस्तीस बाया जमल्या होत्या. मंजुळाबाई ओट्यावर बाजेवर बसून लेकीकडे बघत होती, नजर हटवत नव्हती. झोक्यावर शेजारची ज्योती होती, पारोळ्याकडे दिलेली, दोन वर्षांपूर्वीच लग्न झालेलं. गाणी थांबल्यावर तिने वरूनच विचारलं, "अक्का, कॅप्टनभाऊ निवडून येतीन ना?"

"तुम्ही बठ्ठ्या मत देशात ते येतीन," ताईबाई कौतुकाने म्हणाली. सगळ्या मत द्याल तर येतील.

ज्योतीने पाय टेकून झोका थांबवला. "आम्ही कशा देसूत? आम्ही ते आठे शेतस." आम्ही तर इथे आहोत.

ताईबाईने तिच्याकडे बघितलं. मग निंबाखाली बसलेल्या सगळ्यांकडे. तू कुठे दिलेली? अमळनेरकडे. तू? बोरीकाठी. तू? पारोळा. ती बोटांवर मोजत गेली, बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून. एकट्या त्या अंगणात सव्वीस बाया अशा निघाल्या की ज्यांचं नाव सोमवारच्या यादीत होतं आणि ज्या सोमवारी सोनगीरच्या निंबाखाली झोका खेळणार होत्या. सोनगीर पट्ट्यात मतदान आणखी आठ दिवसांनी होतं, त्यामुळे इथे कोणाच्या डोक्यात निवडणूकच नव्हती. हे एक अंगण. असली अंगणं सोनगीरात किती, आणि सोनगीरसारखी गावं किती. बोरीकाठच्या सुना म्हणजे ह्याच सगळ्या गावांच्या लेकी. त्या हिरव्या टाचण्यांखालच्या बाया आज तिथे नव्हत्याच. ताईबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

तिने घरात जाऊन फोन लावला. नेहमी ती आधी जेवलात का विचारते, आज तेही विचारलं नाही. जे दिसलं ते सांगितलं.  मग कॅप्टन म्हणाले, "नकाशात सगळं आहे. आखाजी नाही."

"तुम्ही कधी आखाजी बघितली आहे का, म्हणून नाही," ताईबाई म्हणाली. तिला राग आला होता आणि त्यांची कीवही आली होती.

मागून ज्ञानेश्वरचा घाबरलेला आवाज आला. दोनशे गाड्या पाठवू, आत्ता सांगतो सगळ्यांना. कॅप्टननी त्याला तिथेच गप्प केलं. उमेदवाराच्या गाडीतून मतदार नेणं कायद्यात बसत नाही, ते एकही गाडी पाठवणार नाहीत. शिवाय लेकींना सणातून उठवायचं त्यांच्याने होणार नाही. "जन्मभर तुला आखाजी दिली नाही. आता लोकांच्या बायकांचीही काढून घेऊ? हरलो तर हरलो."

"हरायला तुम्हाला कोणी सांगितलं," ताईबाई म्हणाली. "तुम्ही काही बोलूच नका. हे तुमचं कामच नाही." आणि तिने फोन ठेवला.

हरणं तिला नुसतं हरणं वाटत नव्हतं. ह्या माणसाने एक खोटा शब्द न देता, दारूची एक बाटली न वाटता निवडणूक लढवली होती. तो हरला असता तर सगळी पंचक्रोशी म्हणाली असती, बघा, सरळ माणसाचं हे असं होतं. आणि ते खरं नसतं. तो सरळपणामुळे नाही, सण विसरल्यामुळे हरला असता. हे तिला सोसलं नसतं.

ती निंबाखाली परत आली. भाषण वगैरे तिला येत नाही. एवढंच म्हणाली की, भावाने बहिणीला सोमवारी सकाळी मोटारसायकलवरून सासरी न्यावं, तिने मत द्यावं, संध्याकाळी भावाने तिला परत आणावं. एका दिवसाचा प्रश्न आहे. मत कोणाला द्यायचं ते जिचं तिने ठरवावं, पण यादीत बाईचं नाव असतं ते तिचं स्वतःचं असतं. सासरचं नाही, माहेरचं नाही.

पोरींचे डोळे चमकले. आयांनी मात्र तोंडं वाकडी केली. मुराळी आणायला जातो, सणातून पोचवायला जात नाही, हे कुठलं उलटं. एक म्हातारी तर स्पष्टच म्हणाली, आखाजीत मधेच उठून गेलेली लेक पुढल्या आखाजीला येत नाही, असं तिची आजी सांगायची. झालं. एवढ्या एका वाक्यावर सगळं बसलं. आपल्या लेकीच्या बाबतीत असला धोका कोण पत्करणार? बाया मान खाली घालून सांजोऱ्या खायला लागल्या.

ताईबाई ओट्यावर आईजवळ येऊन बसली. घोडं कुठे पेंड खातंय हे तिला कळत होतं. दुसऱ्यांच्या आया त्यांच्या लेकींना तेव्हाच सोडतील, जेव्हा तिची आई तिला सोडेल. आणि ज्या आईने अकरा वर्षं वाट बघितली, तिला कोणत्या तोंडाने सांगायचं की मी सोमवारीच उठते?  नुसती आईच्या पायाला तेल चोळत बसली.

मंजुळाबाईच्या कानाला कमी येतं असं सगळे समजतात. तिला पाहिजे ते सगळं ऐकू येतं. तिने कौतिकला हाक मारली आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आखाजी कवय सरस रे?"

आखाजी कधी संपते?  म्हातारीने स्वतःच सांगितलं. "झोका सोडतस तवय सरस. झोका बांधेल शे तवर आखाजी शे." झोका सोडला की आखाजी संपली. तो बांधलेला आहे तोवर आखाजी चालूच. तोवर लेक शेतात जाऊन आली काय, नदीवर जाऊन आली काय, आणि सासरी जाऊन मत देऊन आली काय, ती सणातून उठली असं होत नाही. "मन्ही आंडेर जाई," ती म्हणाली, माझी लेक जाईल. "आनि ती येस तवर ह्या झोकाले कोनी हात लावाना नही."

त्या दुसऱ्या म्हातारीने थोडा विचार केला आणि मान हलवली. तिच्या आजीने झोक्याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. ज्योतीची आई उठली, म्हणाली, मग आमचाही बांधलेलाच राहील. शनिवारी संध्याकाळी प्रचार थांबला, बैठका, भोंगे सगळं बंद. पण आयांच्या जिभा कोण बंद करणार? मावशीने मावशीला, विहिणीने विहिणीला फोन करून मंजुळाबाईचा निवाडा सांगितला. त्यात कॅप्टनचं नावसुद्धा कोणी घेत नव्हतं. झोका सोडायचा नाही, एवढंच.

सोमवारी सकाळी कौतिक गाडी पुसत होता, तेवढ्यात ताईबाई म्हणाली, ती एसटीने जाणार. उमेदवाराची बायको, उद्या कोणी बोट दाखवायला नको. म्हातारीने तिच्या पिशवीत चार सांजोऱ्या टाकल्या. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "मी वाट देखसू," एवढंच म्हणाली. ताईबाई अंगणाच्या फाटकापर्यंत गेली, वळून बघितलं, तर आई झोक्याच्या दोराला धरून उभी होती.

रस्त्यात ताईबाई खिडकीला डोकं लावून बसली होती. पहिल्यांदा एक मोटारसायकल एसटीच्या पुढे गेली, मागे डोक्यावर पदर घेतलेली बाई. मग दोन गेल्या. मग नुसत्या जातच राहिल्या. भाऊ पुढे, बहीण मागे, मध्ये एखादं लेकरू, हँडलला पाण्याची बाटली. अमळनेरच्या अलीकडे एका ढाब्यावर पंचवीसेक गाड्या थांबल्या होत्या आणि बाया कलिंगड खात होत्या. त्यातल्या एकीने एसटीतल्या ताईबाईला ओळखून हात हलवला. ताईबाईने डोळ्याला पदर लावला. कंडक्टरने विचारलं, काय झालं मावशी? ती म्हणाली, काही नाही, ऊन लागतंय.

चव्वेचाळीस अंश उन्हात सावखेडीच्या शाळेपुढे बायांची रांग लागली होती, कॅप्टननी मोजून बांधलेल्या कनातीच्या सावलीत. कनात पुरली. कॅप्टन केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर, रस्त्याच्या पलीकडे उभे होते. ताईबाई एसटीतून उतरून त्यांच्यासमोरून गेली. त्यांनी तिला बघितलं, रांग बघितली, मागून येणाऱ्या गाड्या बघितल्या. तो माणूस बायकोपुढे सावधान उभा राहिला. सलाम केला नाही, पण गावातल्या ज्यांनी बघितलं ते सांगतात की नुसता हात वर जायचा बाकी होता. ताईबाईने पदर सारखा केला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. आयुष्यात तिला एवढं मोठं कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी भाऊ बहिणींना घेऊन परत फिरले. ताईबाईला मात्र जाता आलं नाही. उन्हातान्हात हिंडून कॅप्टनना ताप भरला, तो चार दिवस उतरला नाही. मग मतदान यंत्रं ठेवलेल्या इमारतीबाहेर कार्यकर्त्यांचा पहारा सुरू झाला. कॅप्टननी लष्करातल्यासारख्या पाळ्या लावल्या होत्या, आणि त्या पाळ्यांना डबे लागत होते. सोनगीरला गावभरचे झोके एकेक करून सुटले. मंजुळाबाईचा सुटला नाही. शेजारचे विचारायचे, आजी, औंदा आखाजी दिवाळीपर्यंत चालणार का? ती म्हणायची, मन्ही आंडेरना दोन दिन बाकी शेतस. एकदा कौतिकला बैल बांधायला दोर पाहिजे होता. त्याने झोक्याकडे नुसतं बघितलं तर म्हातारीने काठी उचलली.

मोजणीच्या दिवशी कॅप्टन सकाळपासून मागेच होते. आठ हजारांनी, अकरा हजारांनी, पुन्हा नऊ हजारांनी. समोरच्याच्या दारात फटाक्यांच्या माळा येऊन पडल्या. ज्ञानेश्वरने लॅपटॉप मिटून ठेवला होता. ताईबाई घरी टीव्हीपुढे डाळ निवडत बसली होती, तीच तीच डाळ. दुपारी बोरीकाठच्या फेऱ्या उघडल्या. पाच हजार. दोन हजार. मग आकडा पालटला, आणि पालटलेलाच राहिला. हिलाल पाटील दोन हजार नऊशे चार मतांनी निवडून आले. सावखेडीच्या केंद्रावर चारशे बारा बायका यादीत होत्या, त्यातल्या तीनशे नव्व्याण्णव जणींनी मत दिलं होतं, पुरुषांपेक्षा जास्त.

पत्रकारांनी नव्या खासदाराला विचारलं, गणित कसं जमलं? कॅप्टन म्हणाले, "माझं गणित चुकलंच होतं. घरच्यांनी दुरुस्त केलं." आणि मग त्यांनी हारतुऱ्यांत, सगळ्यांच्या देखत सोनगीरच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईचं नाव घेतलं. पत्रकारांना काही कळलं नाही. ताईबाईला कळलं. सुपातली डाळ बाजूला ठेवून ती मनसोक्त रडली.

त्याच रात्री पक्षाचा फोन आला, उद्याच दिल्लीला निघा, बैठक आहे. कॅप्टन म्हणाले, परवा सकाळी पोचतो, एक ड्युटी बाकी आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी मोटारसायकल काढली. मागे येऊ पाहणाऱ्या गाड्यांना फाटकाशीच परत पाठवलं. फाटक अर्थातच बंद होतं. नवे खासदार आणि त्यांची बायको पंधरा मिनिटं उन्हात उभे राहिले, मालगाडीचे डबे मोजत. मग सोनगीर. लग्नानंतर पस्तीस वर्षांनी हिलाल पाटील बायकोला आखाजीसाठी माहेरी सोडायला आले होते, तेही आखाजी होऊन सव्वीस दिवसांनी.

मंजुळाबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकीला हाताला धरून निंबाखाली नेलं आणि झोक्यावर बसवलं. गल्ली जमली होती. ताईबाई लाजून म्हणाली, आता काय ह्या वयात. म्हातारीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कॅप्टनकडे वळली. "जवाईबापू, आते मतदान ते नही ना?"

"नाही, आई."

"मंग द्या झोका."

कॅप्टन पुढे झाले. हार घालून घेताना अवघडले नव्हते एवढे आता अवघडले. पण हुकूम तो हुकूम. त्यांनी दोन्ही हातांनी झोका दिला, आधी जपून, मग जोरात, आणि ताईबाई फांदीपर्यंत वर गेली तेव्हा तिला किल्ला दिसला, हमरस्ता दिसला, लहानपणी दिसायचं ते सगळं दिसलं. ती हसत होती. संध्याकाळी कॅप्टन दिल्लीच्या गाडीसाठी जळगावला निघून गेले.

ताईबाई पुरते दोन दिवस राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती सावखेडीला जायला निघाली, दिल्लीला शपथविधीला जायची तयारी करायची होती. तिची एसटी वळणाआड गेल्यावर मंजुळाबाईने कौतिकला बोलावलं.

"आते सोड झोका," ती म्हणाली. "दोर नीट गुंडाळी ठेव. पुढला सालले कामले येई."